टीव्हीवर खरी शस्त्रक्रिया पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कोणाचे ऑपरेशन ठरले की एखादी व्यक्ती त्याच ऑपरेशनची चित्रफीत शोधू लागते, आणि दुसरी व्यक्ती तिला ‘उगाच पाहू नकोस, रात्री झोप लागणार नाही’ असे बजावते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. खरी शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवण्याचा इतिहास आता पाऊणशे वर्षांचा झाला असून ब्रिटन आणि अमेरिकेत तो सर्वांत अधिक घडला आहे. पुढील उत्तरांत त्यामुळेच तेथील उदाहरणे जास्त आढळतील.

टीव्हीवर ‘खरी शस्त्रक्रिया’ दाखवतात म्हणजे नेमके काय दाखवतात?

या एका नावाखाली तीन निराळे प्रकार येतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बरेच वाद निर्माण होतात. पहिला प्रकार थेट प्रक्षेपणाचा. त्यात रुग्ण टेबलावर असतो, सर्जन काम करत असतात आणि त्याच क्षणी लाखो लोक ते घरी बसून पाहत असतात. दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रिया आधी मुद्रित केली जाते, तिचे संकलन होते आणि बहुतेक वेळा रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर ती दाखवली जाते. आज वाहिन्यांवर जे दिसते त्यातील बहुतांश याच प्रकारचे असते. तिसरा प्रकार सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी नसतो. एखाद्या वैद्यकीय परिषदेत सभागृहात बसलेल्या डॉक्टरांना शेजारच्या किंवा दूरच्या रुग्णालयातील शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवली जाते. याला आपल्याकडे डॉक्टर मंडळी ‘लाइव्ह वर्कशॉप’ म्हणतात. या तिन्हींतील धोके सारखे नाहीत, त्यामुळे त्यांचे नियमही एकच असू शकत नाहीत.

हे सर्व कधी सुरू झाले?

आरंभ डॉक्टरांसाठीच झाला. १९४७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शस्त्रक्रिया कॅमेऱ्यातून शेकडो डॉक्टरांना दाखवण्यात आल्या, कारण प्रत्यक्ष टेबलाभोवती दोन-चार जणांपलीकडे कोणाला काही दिसत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्ही घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी वैद्यकीय अधिवेशनात रंगीत चित्रांचा प्रयोग झाला. त्यामागचे कारण सरळ होते. काळ्या-पांढऱ्या चित्रात रक्त, चरबी आणि स्नायू हे सगळे करड्या रंगाचेच दिसत आणि शिकणाऱ्याला त्यातून फारसे काही उमगत नसे.

सामान्य प्रेक्षकांपर्यंत ही गोष्ट १९५२ मध्ये पोहोचली. त्या जूनमध्ये शिकागोतील एका रुग्णालयातून अल्सरच्या रुग्णावरील शस्त्रक्रिया एनबीसीने देशभर दाखवली. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये बीबीसीने ‘युवर लाइफ इन देअर हँड्स’ ही मालिका सुरू केली. तिचे निवेदन चार्ल्स फ्लेचर नावाचे डॉक्टर करीत. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलीनचे पहिले उपचार ज्या रुग्णावर झाले, त्याला ते औषध टोचणारे डॉक्टर हेच होते. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतील फिनिक्स येथून सार्वजनिक वाहिनीने एडवर्ड डायट्रिच यांनी केलेली बायपास शस्त्रक्रिया थेट दाखवली. २००९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने सलग चार शस्त्रक्रियांचे थेट प्रक्षेपण केले, २०१५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने क्लीव्हलंडहून मेंदूची शस्त्रक्रिया दाखवली आणि २०१८ मध्ये चॅनल फाइव्हने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातून हृदयशस्त्रक्रिया दाखवली.

टीव्हीच्या आधी लोक शस्त्रक्रिया पाहत होते का?

पाहत होते, आणि त्याचा पुरावा आपण रोज उच्चारत असलेल्या एका शब्दातच आहे. ‘ऑपरेशन थिएटर’ मधील ‘थिएटर’ अक्षरशः नाट्यगृहाच्या अर्थाने आले आहे. लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयाचे १८२२ चे शस्त्रक्रियागृह आजही संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. मध्ये लाकडी टेबल आणि भोवती अर्धवर्तुळात चढत गेलेल्या पायऱ्या, ज्यांवर दाटीवाटीने उभे राहून विद्यार्थी पाहत, अशी त्याची रचना आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरची भूल देऊन झालेली गाजलेली शस्त्रक्रियाही अशाच सभागृहात पार पडली. भुलीवर जगाचा विश्वास बसला याचे एक कारण हेच, की पाहणारे साक्षीदार भरपूर होते.

या बाबतीत महाराष्ट्राचाही वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही, असे मला वाटते. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा एक गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक कापण्यात आले. पुण्याकडच्या एका पारंपरिक वैद्याने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. आधी मेणाचा नमुना करून कातडीचे माप घ्यायचे, ती कातडी कपाळापासून पूर्ण न तोडता देठाने जोडलेली ठेवायची आणि नाक नीट रुजले की मग देठ कापायचा, अशी ती रीत होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टर ती पाहत होते. त्यांनी पाहिलेले वर्णन चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आले, ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने तीच रीत अभ्यासली आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये वापरली. त्या वैद्याचे नाव मात्र कोणी नीट नोंदवून ठेवले नाही. कॅमेरा नसतानाही केवळ पाहण्याने आणि पाहिलेले नीट मांडण्याने विद्या समुद्रापार गेली. पाहण्याचे मोल याहून चांगल्या उदाहरणाने मला सांगता येणार नाही.

१९५८ च्या मालिकेला डॉक्टरांनीच विरोध का केला?

ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्या मालिकेवर कठोर टीका केली. आजाराचे आणि शस्त्रक्रियेचे तपशील पाहून निरोगी माणसांना चिंता जडेल, रुग्ण घाबरून उपचार टाळतील आणि डॉक्टरांची अप्रत्यक्ष जाहिरात होईल, असे आक्षेप होते. मालिका तरीही चालू राहिली आणि पुढील दशकांत पुन्हा पुन्हा परत आली. ‘रुग्णाला कळू नये, त्याने फक्त विश्वास ठेवावा’ ही त्या काळची धारणा आज कोणी उघडपणे मांडणार नाही. जाहिरातीचा आक्षेप मात्र आजही खरा आहे, किंबहुना आज तो अधिक खरा आहे, कारण आता कॅमेरा वाहिनीचा असण्याऐवजी अनेकदा रुग्णालयाच्या प्रसिद्धी विभागाचा असतो.

२००९ च्या थेट प्रक्षेपणात वेगळे काय होते?

प्रेक्षकांना सर्जनशी बोलता आले. लंडनमध्ये प्रेक्षकांसमोर कृष्णन गुरु-मूर्ती निवेदन करीत होते, आणि घरी बसलेले लोक फोन, ईमेल व ट्विटरवरून प्रश्न पाठवत होते. ते प्रश्न ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनना विचारले जात आणि ते हातातील काम चालू ठेवून उत्तरे देत. पहिल्या रात्री केंब्रिजजवळच्या पॅपवर्थ रुग्णालयातून फ्रान्सिस वेल्स यांनी हृदयाची मायट्रल झडप दुरुस्त केली. लिओनार्दो दा विंचीने काढलेल्या हृदयाच्या चित्रांचा अभ्यास करणारे हे सर्जन आहेत, त्यामुळे झडपेचे काम समजावून सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. आणखी एका रात्री रुग्ण जागा असताना त्याच्या मेंदूतील गाठ काढण्यात आली.

हृदयाची शस्त्रक्रिया पाहताना काय चालले आहे हे कसे ओळखावे?

टप्प्यांचा क्रम माहीत असला की दृश्य भीतिदायक वाटण्याऐवजी अर्थपूर्ण वाटू लागते. म्हणून मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेचा क्रम थोडा विस्ताराने देत आहे.

आरंभी छातीच्या मध्यभागी त्वचा कापतात आणि उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधले उभे हाड, विजेच्या करवतीने उभे कापतात. बहुतेक प्रेक्षक डोळे मिटतात ते येथेच. पण हा भाग काही सेकंदांचा असतो, आणि त्या वेळी फुप्फुसे फुगून करवतीच्या आड येऊ नयेत म्हणून भूलतज्ज्ञ श्वासयंत्र क्षणभर थांबवतात. मग एका उपकरणाने हाडाच्या दोन्ही कडा सावकाश दूर करतात आणि हृदयाभोवतीचे पातळ आवरण उघडतात. या क्षणी धडधडणारे हृदय प्रथम दिसते. ते बहुतेकांच्या कल्पनेपेक्षा अधिक पिवळसर असते, कारण त्याच्यावर चरबीचा थर असतो.

यानंतर रुग्णाला हेपॅरिन देतात, ज्यामुळे रक्त गोठत नाही, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत जाड नळ्या बसवून त्याला हार्ट-लंग मशीनवर घेतात. हे यंत्र माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरले गेले ते १९५३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांच्या हातून. यंत्र चालवणारी व्यक्ती सर्जन किंवा भूलतज्ज्ञ नसते. तिला परफ्युजनिस्ट म्हणतात आणि ती कॅमेऱ्याच्या चौकटीत क्वचितच येते, पण पुढचा तास-दीड तास रुग्णाचे रक्ताभिसरण आणि श्वसन तिच्याच हातात असते. नळ्यांकडे लक्ष दिले तर यंत्राकडे जाणारे रक्त काळपट आणि परत येणारे लालभडक दिसेल. प्राणवायू मिसळल्याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

मग महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीला, चिमटा लावतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावण हृदयात सोडतात. हृदय मंदावते आणि थांबते. मॉनिटरवरील रेषा सरळ होते. टीव्ही मालिकांनी आपल्याला शिकवले आहे की सरळ रेषा म्हणजे मृत्यू. येथे मात्र ती जाणूनबुजून आणलेली, संरक्षण देणारी विश्रांती असते, आणि ही गोष्ट आधी माहीत नसलेला प्रेक्षक विनाकारण हादरतो.

झडपेला दोन पाकळ्या असतात आणि छत्रीच्या काड्यांना दोरे असावेत तशा बारीक तंतूंनी त्या हृदयाच्या भिंतीशी बांधलेल्या असतात. तंतू तुटला किंवा पाकळी सैल झाली की रक्त उलट दिशेने गळते. सर्जन सैल भाग कापतात, नवे दोरे घालतात आणि झडपेच्या काठाला एक गोल कडे (रिंग) शिवतात. त्यानंतर ते हृदयाच्या कप्प्यात सलाइन भरून पाहतात. पाणी गळले नाही तर पाकळ्या गच्च मिटत आहेत असे समजते. पाहणाऱ्याला सर्वांत समाधान देणारा क्षण मला हाच वाटतो, कारण दुरुस्ती जमली की नाही हे त्या घटकेला प्रेक्षकालाही सर्जनइतकेच स्पष्ट दिसते.

शेवटी महारोहिणीवरचा चिमटा काढतात, हृदयात पुन्हा उबदार रक्त शिरते आणि ते आपोआप धडधडू लागते, कधी विजेचा सौम्य झटका द्यावा लागतो. यंत्र हळूहळू बंद होते, हेपॅरिनचा परिणाम उतरवण्यासाठी प्रोटामिन देतात आणि हाडाचे दोन भाग पोलादी तारांनी बांधतात. या तारा आयुष्यभर छातीत राहतात आणि पुढे कधी एक्स-रे काढला तर त्यात दिसतात.

रक्त इतके कमी का दिसते? दृश्ये वगळलेली असतात का?

संकलनात बराच भाग कापला जातो हे खरे, कारण चार-पाच तासांचे काम तासाभरात बसवायचे असते. पण रक्त कमी दिसण्याचे मुख्य कारण तंत्रात आहे. विजेवर चालणाऱ्या कॉटरीने सर्जन कापतानाच बारीक रक्तवाहिन्या भाजून बंद करतात, आणि मदतनीस नळीने रक्त सतत शोषून घेत असतो. कॉटरीचा जळकट वास घरी येत नाही, आणि जाणकार सांगतात की प्रत्यक्ष थिएटरमध्ये नव्या माणसाला दृश्यापेक्षा तो वासच अधिक त्रास देतो.

कपडे हिरवे किंवा निळेच का असतात?

पूर्वी ते पांढरे असत. लाल रंगाकडे बराच वेळ पाहून पांढऱ्याकडे नजर वळवली की डोळ्यांपुढे हिरवट ठिपके तरंगतात, शिवाय दिव्याखाली पांढरे कापड डोळे दिपवते. हिरव्या-निळ्या कापडावर या दोन्ही अडचणी येत नाहीत. कॅमेऱ्यालाही त्याचा आपसूक लाभ झाला.

दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया टीव्हीवर इतकी स्पष्ट कशी दिसते?

कारण ती सर्जन स्वतःही टीव्हीवरच पाहत असतात. छाती किंवा पोट उघडून होणाऱ्या शस्त्रक्रियेत कॅमेरा पाहुणा असतो. त्याला कोणाच्या तरी खांद्यावरून डोकवावे लागते आणि ऐन वेळी सर्जनचे डोके मध्ये येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा तयार करतात, साधारण सेंटिमीटरभर रुंदीच्या छेदातून दुर्बीण आत सोडतात आणि तिचे चित्र समोरच्या पडद्यावर उमटते. सर्जनची नजर रुग्णाच्या पोटाकडे नसून त्या पडद्याकडे असते. म्हणजे घरच्या प्रेक्षकाला जे चित्र दिसते, तेच चित्र पाहून शस्त्रक्रिया चाललेली असते. हातातील दाब आणि स्पर्श मात्र प्रेक्षकाला कळत नाही, आणि सर्जनचे अर्धे कौशल्य तेथेच असते.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी केली. त्या काळी हे तंत्र फक्त श्रीमंत देशांसाठीच आहे असे मानले जात होते. सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाला मोठा छेद टळला तर तो लवकर कामावर जाऊ शकतो आणि त्याची मजुरी बुडत नाही, म्हणून या तंत्राची खरी गरज त्यालाच आहे, हा विचार उडवाडिया यांनी आग्रहाने मांडला.

मेंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्ण जागा कसा असतो? त्याला दुखत नाही का?

मेंदूच्या ऊतींमध्ये वेदना जाणणारे मज्जातंतू नसतात. डोक्याची त्वचा आणि मेंदूवरील आवरण यांना मात्र वेदना होते, म्हणून तो भाग बधिर केला जातो. गाठ बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ असेल तर सर्जन विजेच्या अतिशय सौम्य स्पर्शाने एकेक जागा तपासतात आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रे ओळखायला किंवा आकडे म्हणायला सांगतात. बोलता बोलता शब्द अडखळला तर ती जागा वाचवायची असते. क्लीव्हलंडच्या प्रक्षेपणात पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाच्या मेंदूत विद्युत तार बसवली जात होती आणि तोही जागा होता. हे दृश्य पाहणाऱ्याला चमत्कारासारखे वाटते, पण रुग्णाला जागे ठेवण्यामागे प्रेक्षकांचा काहीही संबंध नसतो. कॅमेरा नसता तरी त्याला जागेच ठेवले असते.

रक्त पाहून भोवळ येते. काय करावे?

याची लाज वाटून घेऊ नये. रक्त किंवा जखम पाहताच काही जणांचे हृदयाचे ठोके आधी वाढतात आणि मग अचानक मंदावतात, रक्तदाब घसरतो आणि शुद्ध हरपते. वैद्यकीय महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला हाच अनुभव येतो. इतर बहुतेक भीतींमध्ये रक्तदाब वाढतो, या भीतीत तो घटतो, त्यामुळे ‘शांत हो, अंग सैल सोड’ हा नेहमीचा सल्ला येथे उलट परिणाम करू शकतो.

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यावर एक साधी रीत रूढ केली आहे. हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळावेत, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत ते आवळलेले ठेवावेत, मग २० ते ३० सेकंद सैल सोडावेत आणि असे पाच वेळा करावे. यामुळे रक्तदाब टिकून राहतो. उभ्याने किंवा जेवता जेवता असे कार्यक्रम पाहू नयेत. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला, कानात आवाज येऊ लागला तर पडदा बंद करून लगेच आडवे व्हावे आणि पाय उंचावर ठेवावेत. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असलेल्यांनी ही रीत आपल्या डॉक्टरांना विचारूनच वापरावी.

सर्जन गप्पा मारतात, गाणी लावतात. हे बेजबाबदारपणाचे नाही का?

हा प्रश्न प्रेक्षकांना नेहमी पडतो. संथ टप्प्यात संवाद चालू असणे हे पथक घाबरलेले नाही याचे लक्षण असते. एकदम शांतता पसरली तर समजावे की कठीण वळण आले आहे. याहून अधिक लक्ष द्यावे असे काही असेल तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच्या थांब्याकडे. छेद घेण्याआधी सर्व जण हातातील काम थांबवतात आणि रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया, शरीराची बाजू, ॲलर्जी यांची मोठ्याने खातरजमा करतात. शेवटी परिचारिका गॉज आणि हत्यारे मोजते, आणि हिशेब जुळल्याशिवाय पोट किंवा छाती बंद करायची नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यासाठी १९ मुद्द्यांची तपासणी-सूची प्रसृत केली. ती तयार करणाऱ्या पथकाचे नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांच्याकडे होते, ज्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेत गेलेले सर्जन होते. आठ शहरांतील रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीही होती, ही सूची वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हा थांबा कंटाळवाणा म्हणून कार्यक्रमातून कापला जातो, ही माझी या कार्यक्रमांबद्दलची खरी तक्रार आहे. करवत दाखवायला वेळ असेल तर हा अर्धा मिनिटही दाखवायला हवा.

थेट प्रक्षेपण चांगले की मुद्रित कार्यक्रम?

मुद्रित, असे माझे स्पष्ट मत आहे. थेट प्रक्षेपणात सर्जनचे लक्ष रुग्ण आणि प्रेक्षक यांच्यात वाटले जाते. ठरलेल्या वेळी सुरू करण्याचे आणि ठरलेल्या वेळेत संपवण्याचे दडपण येते. काही बिघडले तर योजना बदलण्याऐवजी ती रेटून नेण्याचा मोह होऊ शकतो. ज्यांच्यावर अवघड शस्त्रक्रिया करायची आहे अशांपैकी ‘पडद्यावर चांगली दिसेल’ अशी व्यक्ती निवडली जाण्याचीही शक्यता राहते. अमेरिकेतील सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स या संस्थेने म्हणूनच सामान्य प्रेक्षकांसाठीच्या थेट प्रक्षेपणात भाग घेण्यास आपल्या सदस्यांना मनाई केली.

डॉक्टरांसाठीच्या कार्यशाळांतही हा प्रश्न सुटलेला नाही. २०१५ मध्ये दिल्लीतील एका मोठ्या रुग्णालयात परदेशी सर्जनने यकृताची शस्त्रक्रिया डॉक्टरांपुढे थेट दाखवली आणि नंतर तो रुग्ण दगावला. मृत्यू प्रक्षेपणामुळेच झाला असे म्हणता येत नाही, पण पाहुण्या सर्जनला रुग्ण, पथक आणि हत्यारे यांची पुरेशी ओळख असते का आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारले जाऊ लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच विषयावरील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकार आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाला नोटीस काढली.

थेट प्रक्षेपणाच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. संकलित कार्यक्रमात अपयश सहज गाळता येते आणि प्रेक्षकाला वाटते की प्रत्येक ऑपरेशन यशस्वीच होते. त्यावर उपाय मात्र थेट प्रक्षेपण हा नसून, बीबीसीच्या अलीकडच्या काही मुद्रित मालिकांप्रमाणे, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या संमतीने गुंतागुंतीच्या घटनाही दाखवणे हा आहे.

रुग्णाची संमती कशी घेतली जाते?

शस्त्रक्रियेची संमती आणि चित्रीकरणाची संमती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांचे कागदही स्वतंत्र असले पाहिजेत. चित्रीकरणाला नकार दिला तरी उपचारांत तसूभरही फरक पडणार नाही, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. भूल उतरल्यावर, विचार करायला वेळ मिळाल्यावर, प्रक्षेपणापूर्वी पुन्हा विचारणे ही चांगली प्रथा आहे, आणि थेट प्रक्षेपणात नेमके हेच अशक्य असते. भारतात वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाची ओळख उघड होईल अशी छायाचित्रे त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत.

आपल्याकडे एक विशेष अडचण आहे. डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते, आणि खर्चात सवलत मिळणार असेल तर होकार मोकळेपणाने दिलेला आहे असे म्हणणे कठीण होते. चेहरा झाकला म्हणजे ओळख लपली असेही नाही. गोंदण, गळ्यातील धागा, आवाज किंवा फायलीवरचा क्रमांक यांवरून गावातला माणूस सहज ओळखतो.

मुलांनी असे कार्यक्रम पाहावेत का?

एकट्याने नको. ज्या मुलाला कुतूहल आहे त्याच्यासोबत मोठ्या माणसाने बसावे, आणि मुलाने ‘बंद कर’ म्हटले की लगेच बंद करावे.

माझे किंवा घरच्यांचे ऑपरेशन ठरले आहे. आधी चित्रफीत पाहावी का?

माझ्या वडिलांची बायपास ठरली तेव्हा आईने काहीही पाहायला नकार दिला आणि वडिलांनी मला शेजारी बसवून एक संपूर्ण शस्त्रक्रिया पाहिली. मधे त्यांनी दोनदा थांबवायला सांगितले, पाणी प्यायले आणि पुन्हा सुरू करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारण्यासाठी त्यांच्याकडे पाच प्रश्न होते. पायातील कोणती शीर काढणार, तिथे सूज किती दिवस राहील, हाड सांधायला किती आठवडे लागतील, खोकला आला तर छातीशी उशी कशी धरायची आणि शुद्धीवर येताना घशात नळी असेल का. आईला मात्र अतिदक्षता विभागात वडिलांना नळ्यांसह पाहताना जो धक्का बसला, तो तिला कोणीतरी आधी सांगितले असते तर कमी झाला असता. तरीही तिने चित्रफीत पाहायलाच हवी होती असे मी म्हणणार नाही. तिला चित्राची गरज नव्हती, दोन वाक्यांत सांगणाऱ्या माणसाची होती.

पाहायचे ठरवलेच तर आधी आपल्या सर्जनना विचारावे की आपली शस्त्रक्रिया कोणत्या पद्धतीने होणार आहे, कारण एकाच आजारावर छाती किंवा पोट उघडून आणि दुर्बिणीतून अशा दोन्ही रीतींनी उपचार होतात आणि चुकीची चित्रफीत पाहून नको ती भीती मनात बसते. वैद्यकीय महाविद्यालय किंवा सार्वजनिक वाहिनीने केलेले, निवेदन असलेले कार्यक्रम निवडावेत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री काहीही पाहू नये. पाहताना मनात येणारे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत आणि तो कागद भूलतज्ज्ञांच्या भेटीलाही सोबत न्यावा, कारण रुग्णांना ज्याची सर्वाधिक भीती वाटते त्या गोष्टींची उत्तरे बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतात.